शेजाऱ्याच्या दस्तात सापडणारं घर

वाचकांचे प्रश्न : जुनी घरं, जुने कागद

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरात रंगार गल्लीच्या बाजूला आमचं घर आहे. वाडा म्हणावा असं काही नाही. खाली दोन खोल्या, मागे चिंचोळा चौक, वर माडी. आजोबांनी १९६१ मध्ये घेतलं एवढंच ठाऊक आहे, खरेदीखत सापडत नाही. घर कधीचं आणि आधी कोण राहत होतं, हे शोधायचं तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर : खरेदीखत नसल्यामुळे अडत नाही. आजच्या कागदापासून धरायचं आणि एकेक पायरी मागे जायचं. थेट ‘निजामाच्या काळात’ उडी मारली की मधला दुवा सुटतो, आणि भलत्याच घराचा इतिहास आपल्या घराला चिकटतो.

आधी सिटी सर्व्हे नंबर काढा. घरपट्टीच्या पावतीवरचा नंबर महापालिकेचा. तो वेगळा आणि गेल्या काही दशकांत बदललेलाही असतो. नगर भूमापन कार्यालयात नकाशावर घर ओळखून नंबर मिळाला की तीन गोष्टी मागा : मालमत्ता पत्रक (आपल्याकडे सगळे पी. आर. कार्ड म्हणतात ते), त्यावरच्या प्रत्येक फेरफाराची नक्कल आणि चौकशी नोंदवहीचा उतारा. पी. आर. कार्ड संगणकावरचं घेऊन समाधान मानू नका, जुनं हस्तलिखित पत्रकही मागा. मधल्या नोंदी त्यावर असतात. तिसरा कागद मात्र फार कमी लोक मागतात. शहराची पहिली मोजणी झाली तेव्हा अधिकाऱ्याने दारोदार विचारलेलं असतं की जागा कोणाची, कशाच्या आधारे, ताबा कोणाचा. त्याची ही नोंद. तुमच्या घराबद्दल ‘भाडेकरी अमुक’ असा एक शब्द जरी तिथे निघाला तरी पुढचं काम निम्मं होतं.

मग दुय्यम निबंधक कार्यालय. सूची एक नावावर चालते, सूची दोन मिळकतीवर. खरेदी १९६१ ची असली तरी १९६२ ची सूचीही बघा, कारण दस्त लिहून झाल्यावर नोंदणीला हजर करायला चार महिन्यांची मुदत असते. मार्गशीर्षात सही झालेला कागद पुढच्या वर्षाच्या पुस्तकात सापडतो आणि माणूस ‘नोंदच नाही’ म्हणून परत येतो. नक्कल हाती आली की किमतीपेक्षा दोन जागा नीट वाचा. एक, ‘सदर मिळकत लिहून देणार यांस अमुक दस्तान्वये प्राप्त झाली’ हे वाक्य; तो मागचा दुवा. दुसरी, चतुःसीमा, म्हणजे घराच्या चारही बाजूंना काय आणि कोणाचं आहे ते.

या शोधातली खरी किल्ली चतुःसीमेत आहे. तुमचा दस्त हरवला असेल, पण शेजाऱ्याच्या दस्तात तुमचं घर आहेच. त्याच्या ‘पूर्वेस’ जे नाव लिहिलंय ते तुमच्या घरात त्या वेळी असलेल्या माणसाचं. उत्तरेचा, दक्षिणेचा आणि मागच्या भिंतीचा असे तीन शेजारी गाठा, त्यांच्या घराण्यातले जितके जुने दस्त मिळतील तितके बघा आणि प्रत्येकातून फक्त तुमच्या बाजूची ओळ सालासकट उतरवून घ्या. तीन घरांतून आठ-दहा ओळी जमल्या की राहणाऱ्यांची साखळी आपोआप उभी राहते.

यात फसायची जागाही आहे. लेखनिक नवा दस्त लिहिताना जुन्यातली चतुःसीमा जशीच्या तशी उतरवतो. त्यामुळे १९५०च्या कागदात ज्याचं नाव ‘पश्चिमेस’ आहे तो तीस वर्षांपूर्वी वारलेलाही असू शकतो. एकाच घराच्या लागोपाठच्या दोन दस्तांत नाव बदललं असेल तर तो बदल खरा, आणि त्या दोन तारखांच्या मधला. चाळीस वर्षं तेच नाव, त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसकट येत असेल तर ती नुसती नक्कल समजा.

मालक कोण हे असं कळतं. राहत कोण होतं हे मात्र बऱ्याचदा वेगळंच प्रकरण असतं, आणि लहान घरांच्या बाबतीत तर हमखास. त्यासाठी नगरपालिकेची जुनी कर आकारणी नोंदवही बघा. तिच्यात मालक आणि भोगवटादार असे दोन वेगळे रकाने असतात. घर भाड्याने होतं असं दिसलं तर घरभाड्याच्या जुन्या दाव्यांकडेही वळा. मराठवाड्यात १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा ३१ मार्च २००० पर्यंत लागू होता, आणि त्याखालच्या दाव्यांत भाडेकरू, भाड्याची रक्कम, कधीपासून राहतो, खोल्या किती, सगळं येतं. दोन पक्ष भांडले की इतिहासकाराचं भलं होतं.

आता भिंती. घर मोजा. प्रत्येक खोलीच्या चार बाजू आणि दोन्ही कर्ण, शिवाय प्रत्येक दारात भिंतीची जाडी. ५० ला १ या प्रमाणात आराखडा काढला की भिंती बोलायला लागतात. आतल्या दोन खोल्यांमधली भिंत ७५ सेंटिमीटर आणि रस्त्याकडची ४०, असं निघालं तर जाड भिंत ही एकेकाळची बाहेरची भिंत. पुढची खोली मागाहून जोडलेली. मागच्या बाजूला बुजवलेलं दार दिसलं तर तुमचं घर स्वतंत्र बांधलेलंच नसेल. शेजारच्या मोठ्या वाड्यातलं एक बिऱ्हाड वाटणीत सुटं झालं, असे प्रकार जुन्या मोहल्ल्यांत जागोजाग आहेत.

गल्लीच्या नावावर भाळू नका. रंगार गल्लीत रंगाऱ्यांची वस्ती होती म्हणून तुमच्या घरात रंगारीच राहत होता असं होत नाही. चौकात दगडी हौद, त्याला घरगुती वापराच्या मानाने फार रुंद मोरी आणि फरशीच्या सांध्यांत मुरलेला रंग असं काही असेल तर बोलता येईल. तसंच हिमरू कापड विणणाऱ्याच्या घराचं. खालच्या खोलीत जमिनीत कमरेएवढा चौकोनी खड्डा, बुजवलेला का होईना, सापडला तर तो मागाचा खड्डा असण्याची शक्यता आधी तपासा.

प्रश्न : जालन्याच्या आमच्या घरात स्टँप पेपरवरचा उर्दू कागद निघाला. ओळखीच्या शिक्षकांनी वर १३३१ साल आहे असं सांगितलं, म्हणजे इसवी सन १९१३. पण पुढचं त्यांना लागत नाही. ते साल बरोबर आहे का?

उत्तर : बहुतेक नाही. तुमच्या शिक्षकांनी १३३१ हिजरी धरलं. हैदराबाद संस्थानाच्या कारभारात फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, चालायचा. महिन्याचं नाव बघा. मोहरम, सफर, रजब असे असतील तर हिजरी. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमर्दाद, शहरेवार, मेहर, आबान यांतलं एखादं असेल तर फसली. हे फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्याने सुरू होतं. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढे ५९१. म्हणजे तीर १३३१ फसली हा १९२२ चा मे महिना. नऊ वर्षांचा फरक पडला, आणि नऊ वर्षांत घराचा मालक बदललेला असतो.

त्याहून जुन्या मराठी कागदांत सुहूर सनही भेटतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवतात. शक असेल तर ७८.

शिक्षकांना पुढचं लागत नाही यात त्यांचा दोष नाही. छापील उर्दू वाचणं वेगळं आणि शिकस्ता वळणाचं कचेरीतलं हस्ताक्षर वेगळं. रकमा तर बऱ्याचदा सियाक पद्धतीच्या खुणांनी लिहिलेल्या असतात, नेहमीच्या आकड्यांनी नाहीच. दस्त वाचणारा जुना अर्जनवीस किंवा वकिलाचा कारकून शोधा, आणि त्याच्याकडून थेट मराठी भाषांतर घेऊ नका. आधी शब्दाला शब्द लिप्यंतर, मग भाषांतर, दोन्ही वेगळ्या कागदांवर. भाषांतरात चूक झाली तर लिप्यंतरावरून पुन्हा तपासता येते.

तोवर तुम्हाला स्वतःलाही बरंच ओळखता येईल. बैनामा म्हणजे विक्री, रहननामा गहाण, हिबानामा बक्षीसपत्र, तकसीमनामा वाटणी. ‘वल्द’च्या पुढे बापाचं नाव, ‘साकिन’च्या पुढे राहण्याचं ठिकाण, ‘पेशा’च्या पुढे धंदा. राहणाऱ्याची ओळख याच तीन शब्दांत असते. चतुःसीमा ‘हुदूदे अर्बा’ या मथळ्याखाली येते : शर्की पूर्व, गर्बी पश्चिम, शुमाली उत्तर, जनुबी दक्षिण. रक्कम ‘सिक्का हाली’ की ‘कलदार’ हेही बघा. हाली हा निजामाचा रुपया, कलदार इंग्रजांचा. ७ हाली म्हणजे ६ कलदार. सातशे हालीला घर गेलं म्हणजे सहाशे कलदारला गेलं. लांबी-रुंदी गजांत दिली असेल तर गज ३६ इंचांचा गृहीत धरू नका. दस्तातली एखादी भिंत आज उभी असेल तर ती मोजा आणि त्यावरून त्या दस्तापुरता गज ठरवा.

कागदाचा फोटो खिडकीजवळ, तिरप्या उजेडात काढा, फ्लॅश नको. आणि पाठीमागची बाजू विसरू नका. स्टँप कोणी, कधी, कोणत्या कामासाठी विकत घेतला ही विक्रेत्याची नोंद तिथे असते. पुढचा मजकूर झिजला तरी ती पुष्कळदा शाबूत राहते. घडीवर फाटला म्हणून चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. गोंद कागदात मुरतो, तपकिरी होतो आणि त्याखालची शाई जाते.

एक लक्षात ठेवा. जालना जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधीचं जिल्हा पातळीवरचं दप्तर औरंगाबादच्या नावाने शोधायचं, परतूरकडचं असेल तर परभणीच्या. लातूर १६ ऑगस्ट १९८२ पर्यंत उस्मानाबादेत होतं, हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी जुनी दप्तरं बाहेर निघाली तेव्हा पुष्कळांनी या फेऱ्या मारल्या आहेत. तुमच्या नात्यातल्या एखाद्याने मारल्या असतील तर कोणत्या खोलीत कोणता गठ्ठा आहे हे त्यालाच आधी विचारा.

प्रश्न : औसा तालुक्यातलं आमचं घर. दाराच्या गणेशपट्टीवर शके १७९९ कोरलंय. म्हणजे घर १८७७ चं ना? मग १९९३ नंतर ते नवीन बांधलं असं चुलते का म्हणतात?

उत्तर : दोघांचंही बरोबर असू शकतं. १७९९ अधिक ७८ म्हणजे १८७७ (पौषाच्या उत्तरार्धापासून पुढचा महिना असेल तर १८७८), हे साल चौकटीचं. घराचं असेलच असं नाही. सागाची चौकट हा घरातला सगळ्यात टिकाऊ आणि किमती भाग. वाडा पडला की आधी ती निघते, विकली जाते, दुसऱ्या भिंतीत बसते.

तपासायची रीत सोपी आहे. चौकटीच्या बाजूला रिकाम्या खाचा आहेत का, म्हणजे ज्यांत आज कोणतंच कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) बसलेलं नाही अशा? अडसराची भोकं समोरासमोर नसून भिंतीत एकाच बाजूला आहेत का? उंबरा आणि चौकट वेगवेगळ्या लाकडांची वाटतात का? दोन बाजूंना बोटभर जास्तीची जागा ठेवून चुन्याने किंवा सिमेंटने भरलंय का? यातलं दोनाहून जास्त काही निघालं तर चौकट बाहेरून आलेली आहे.

चुलत्यांच्या म्हणण्याला मोठं कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा जास्त बळी घेतले ते दगड-मातीच्या भिंती आणि त्यांच्यावरच्या माळवदांनी, म्हणजे मातीच्या सपाट छतांनी. भिंत बाहेरून एक पाख (दगडांचा पदर), आतून एक पाख, मधे गोटे-माती, आणि दोन्ही पाखांना बांधणारे आरपार दगड नाहीत. हादऱ्याने पाखं सुटतात आणि वरचं ओझं खाली येतं. ते ओझंही वाढतच गेलेलं असतं : तुळयांवर सर, त्यावर किलचण (लाकडाच्या बारीक कामट्या), कडुनिंबाचा पाला, चिखल, वर पांढरी माती, आणि गळू नये म्हणून दर वर्षी मृगाआधी पांढऱ्या मातीचा आणखी एक हात. पिढ्यान्‌पिढ्या असं केलं की थर दीड-दोन फुटांचा होतो. त्यानंतर औसा, निलंगा, उमरगा पट्ट्यात कित्येक घरांवरून माळवद उतरवून पत्रे आले, भिंतींना पट्टे घातले गेले. तुमच्या भिंतीत कमरेच्या किंवा लिंटेलच्या उंचीवर सिमेंटचा पट्टा असेल आणि वर सवणं (माळवदातलं उजेडाचं भोक) नसेल, तर खालचा दगड जुना, वरचं १९९३ नंतरचं असं समजा. जोत्याचे दगड घडीव आणि नीट बसवलेले असतील तर जोतं मूळचं असण्याची शक्यता जास्त.

वस्तूंवरून साल काढायचं तर एकच नियम : वस्तू ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच सांगते. छतात टाटाचा शिक्का असलेला लोखंडी गर्डर असेल तर ते छत १९१२ च्या आधीचं नाही, कारण टाटांचं पोलाद तेव्हापासूनचं. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये पोचली. त्याआधी जड गर्डर आणि मंगलोरी कौलं बैलगाडीने आणायची म्हणजे गब्बर घराचंच काम. कौलावर १८६५ हे साल दिसलं तर हुरळून जाऊ नका. ते बासेल मिशनचा कौलांचा कारखाना निघाल्याचं साल, तुमचं कौल भाजल्याचं नव्हे.

प्रश्न : आमचं घर अंबाजोगाईत आहे, पण जुन्या कागदात मोमिनाबाद लिहिलंय. हे दुसरं गाव आहे का?

उत्तर : नाही, तेच गाव. निजामाच्या राजवटीत अंबाजोगाई कागदोपत्री मोमिनाबाद होतं आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या (निजामाच्या पैशावर, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेच्या) घोडदळाची छावणी होती. त्यामुळे सूची, नकाशे, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर सगळीकडे दोन्ही नावांनी शोधा. घर छावणीच्या बाजूचं असेल तर पहिले राहणारे लष्कराशी संबंधित असण्याची शक्यता धरा.

प्रश्न : बेगमपुऱ्यातल्या आमच्या घराच्या तळघरातून दौलताबादपर्यंत भुयार आहे असं सगळे सांगतात. तोंड बुजवलेलं दिसतं. उघडावं का?

उत्तर : छत्रपती संभाजीनगरातल्या प्रत्येक दुसऱ्या घरातून दौलताबादला भुयार जातं. किल्ला चौदा-पंधरा किलोमीटरवर आहे, मधे काळा पत्थर आहे, आणि एवढी भुयारं खरंच असती तर शहर कधीच खचलं असतं.

तुम्हाला दिसतंय ते बहुधा तीनपैकी एक असेल. एक, नहर. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवल्यावर पाण्यासाठी नहर बांधायला घेतली, पुढे आणखी नहरी झाल्या, आणि त्यांचं पाणी जमिनीखालून, मोठ्या पाटातून आणि पुढे खापरी नळांतून मोहल्ल्यांत, वाड्यांच्या हौदांत यायचं. चुनेगच्ची केलेला, माणूस वाकून जाईल एवढा पाट बघितला की कोणालाही भुयारच वाटेल. दोन, धान्याचं पेव : तोंड अरुंद, आत रांजणासारखं पोट. तीन, साधं तळघर. फरक तोंडावरून कळतो. चुन्याचा गुळगुळीत गिलावा आणि एका बाजूला उतार असेल तर पाणी. गोल तोंड आणि दगडी झाकण असेल तर पेव. पायऱ्या असतील तर तळघर.

खापरी नळाचा तुकडा मिळाला तर जपून ठेवा, पण त्यावरून घर मलिक अंबरच्या काळचं म्हणू नका. नहरी पुढे शेकडो वर्षं वापरात होत्या. घर नहरीच्या वाटेवर होतं एवढंच त्यातून कळतं, आणि पाणी थेट घरात घेणारं पहिलं बिऱ्हाड खाऊन-पिऊन सुखी असणार.

उघडायचं असेल तर एकट्याने आणि घाईने नको. बंद पेवात धान्याच्या आंबण्याने कर्बवायू साठतो, तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, आणि उतरणारा माणूस आवाज न करता कोसळतो. त्याला काढायला उतरणारा दुसराही. झाकण काढून किमान एक दिवस उघडं ठेवा. दोरीने कंदील सोडून बघतात, तो विझला तर उतरायचं नाही. पण पेटता राहिला म्हणजे हवा चांगली, असंही नाही. आत जायचंच तर कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीत. नहरीचं तोंड निघालं तर कुदळ लावायच्या आधी फोटो, माप आणि चौकातली नेमकी जागा लिहून ठेवा, आणि पुरातत्त्व खात्याला कळवा.

प्रश्न : पैठणच्या आमच्या घरातल्या आधीच्या मालकाचं नाव आणि गाव दस्तातून मिळालं. त्यांच्या घराण्याचा आज काही माग लागेल का?

उत्तर : नाव, मूळ गाव आणि कुलदैवत या तीन गोष्टी हातात असतील तर लागतो. तीर्थक्षेत्रांतल्या उपाध्यायांच्या वह्या बघा. नाशिक, त्र्यंबकेश्वरला यात्रेकरूंची नामावळी घराण्यावार ठेवलेली असते : कोण आलं, बापाचं नाव, भावांची नावं, मूळ गाव, मुक्कामाचं गाव. तिथे आडनावापेक्षा मूळ गाव आधी विचारतात, कारण कोणत्या गावाचे उपाध्याय कोण हे ठरलेलं असतं. तुमच्या दस्तातलं ‘साकिन पैठण’ हे राहण्याचं ठिकाण आहे, मूळ गाव नव्हे. तेवढंच घेऊन गेलात तर वही उघडणारच नाही. घराणं लातूर-धाराशिवकडचं निघालं तर हेळवी लोकांनाही विचारा. ते वर्षाकाठी यजमानांच्या गावी येतात आणि वंशावळ सांगतात. नावं बरीचशी बरोबर असतात. सालं मात्र कागदावरूनच घ्या.

मालक गावातच पुढे राहिला असेल तर कोतवाल बुकातली, म्हणजे गाव नमुना १४ मधली, मृत्यूची नोंद आणि शाळेतला मुलांचा दाखला एवढ्यानेही पुढची पिढी सापडते. मोडी किंवा उर्दूतली नोंद असेल तर नकलेच्या अर्जावरच ‘मूळ नोंदीची छायाप्रत हवी’ असं लिहा. नाहीतर कोणीतरी घाईत वाचून केलेला मराठी उतारा हातात पडतो, आणि त्यात ‘बाळाजी’चा ‘बालाजी’ झालेला असतो.